क्योटोच्या निबंधाला शून्य

बर दुबई
३ ऑक्टोबर १९६७

मुनीर यांस सलाम.

ओसाकाला सुखरूप पोचल्याची तुमची तार परवा दुकानावर आली. अब्बांना मी ती एकदा वाचून दाखवली आणि तुमच्या आईला, म्हणजे फुफीला, दोनदा. तारेत 'पोचलो' याखेरीज काहीच नव्हतं आणि आपल्या मुलाने एवढंच कसं लिहिलं हे तिला पटत नव्हतं. "नीट बघ, मागे काही असेल," म्हणाली. या घरात मराठी अक्षर फक्त मला येतं, म्हणून सगळ्यांचे कागद माझ्याच तोंडून ऐकले जातात. तेव्हा हे पत्र काय, तुमचं उत्तर काय, दोन्ही माझ्याच हातात राहतील. मोकळेपणी लिहा.

आता मुद्द्याचं. दुकानासाठी कापड खरेदीला तुम्ही निघालात त्याच संध्याकाळी अब्बांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "मुनीर परत येईल तोवर तुझा जबाब हवा. हो म्हणालीस तर ईदनंतर निकाह. क्लास चालू ठेवायचा की नाही ते मग तो ठरवेल. नाही म्हणालीस तर क्लास खलास, आजच सांगून ठेवतो." क्लास म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. गच्चीखालच्या खोलीत सकाळी आठ बायका येतात आणि मी त्यांना लिहायला-वाचायला शिकवते. आठही जणी कुराण घडाघडा वाचतात. नवऱ्याचं पत्र आलं की मात्र माझ्या दाराशी उभ्या राहतात. हे बदलायचं म्हणून मी बी.ए. झाल्यावर इथे आले, चुलीजवळ बसायला नाही.

मी आपल्या खानदानातली पहिली पदवीधर. तुम्ही सातवीत शाळा सोडली. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्हाला मी लहानपणापासून पाहते आहे. कापडाचं थान हाती आलं की तुम्ही बोटांनी चाचपता आणि डोळे मिटता. तेवढी एकाग्रता दुसऱ्या कशातही मला कधी दिसली नाही. अशा माणसाबरोबर मी काय बोलणार? ईदनंतरची चाळीस वर्षं पॉपलीनवर?

तरी मला न्यायाने वागायचं आहे. ओसाकापासून विजेच्या गाडीने तासाभरावर क्योटो आहे. ते हजार वर्षं राजधानी होतं. तिथे इतकी देवळं आहेत की एक आयुष्य पुरत नाही. युद्धात जपानची शहरं जळून राख झाली, पण हे वाचलं, कारण ते शत्रूलाही सुंदर वाटलं. कॉलेजात मी त्यावर निबंध लिहिला होता आणि त्याला पहिलं बक्षीस होतं. तुम्ही तिथे जा, पाहा, आणि काय पाहिलंत ते मला लिहा. त्यावरून मी ठरवेन.

सुरैय्या


ओसाका
१९ ऑक्टोबर १९६७

प्रिय सुरैय्या,

तुझ्या इच्छेनुसार मी त्या पुरातन नगरीचं दर्शन घेऊन आलो आणि धन्य झालो. शब्दांत ते सौंदर्य मावणार नाही. मंदिरांची उतरती छपरं जणू आकाशाला प्रणाम करत होती. घंटेचा गंभीर नाद दऱ्याखोऱ्यांतून घुमत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चेरीची झाडं गुलाबी फुलांनी ओथंबली होती आणि वाऱ्याच्या मंद झुळुकेसरशी पाकळ्यांचा सडा माझ्या पायांशी पडत होता. सुवर्णमंदिर तळ्यात आपलं रूप न्याहाळत होतं. मनुष्य आणि निसर्ग यांचं असं मीलन मी अन्यत्र पाहिलं नाही. क्षणभर वाटलं, तू सोबत असतीस तर!

मामूंना आणि अम्मीला सलाम. नायलॉनचे नमुने पुढच्या बोटीने पाठवतो. हिरवा रंग धुतल्यावर सुटतो, तो घेऊ नये असं मामूंना सांग.

मुनीर


बर दुबई
२ नोव्हेंबर १९६७

मुनीर यांस,

चेरीला फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात. तुम्ही पत्र लिहिलंत ऑक्टोबरात.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण थांबवत नाही. 'मंद झुळुकेसरशी' हा शब्द तुम्ही जन्मात कधी उच्चारला नाहीत. 'अन्यत्र' तुम्हाला लिहिता येत नाही. या सगळ्या पत्रात तुमचं असं एकच वाक्य आहे, ते हिरव्या रंगाचं. तेवढंच मी अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, किती हुशार आहे पोर." निबंधाला शून्य गुण.

खोटेपणापेक्षा मला आळसाचा राग येतो. तासाभराच्या अंतरावर जगातलं एक आश्चर्य आहे आणि माणूस उठून जात नाही. इथे बायका रांधून, धुऊन, पोरं झोपवून माझ्यासमोर पाटी घेऊन बसतात. हव्वाबीचंच घ्या. नवरा खैरुद्दीन खोर फक्कानला मासेमारीच्या लाँचवर इंजिन बघतो. ती दोन मुलींना घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहते. दोन महिन्यांत जोडाक्षरांपर्यंत आली! गेल्या आठवड्यात खैरुद्दीनचं पत्र आलं. चार ओळी, त्यातही एक शिवी. खोली मिळाली आहे, शुक्रवारी शारजाहून लॉरी निघते, पोरींना घेऊन निघून ये, ते अक्षरांचं खूळ पुरे. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी तिला निघू देणं म्हणजे कच्चं भांडं भट्टीतून काढणं नव्हे का? मी वाचलं, "मजेत आहे. खोली शोधतो आहे. तोवर मन लावून शीक." तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. "असं लिहिलंय त्यांनी?" म्हणाली. "शीक म्हणाले?" आणखी दोन महिन्यांनी ती स्वतः वाचायला लागेल आणि माझे आभार मानेल.

असं असतं काम करणं. तुम्ही झुळुका घेऊन बसा.

सुरैय्या


ओसाका
१३ नोव्हेंबर १९६७

सुरैय्या,

चोरी पकडलीस. ते पत्र जहूरने लिहिलं. तो राजापूरकडचा, कोबेला एका हिंदुस्थानी पेढीवर कारकून आहे, जपानी बोलतो, वाचतो. मी क्योटोला गेलोच नव्हतो. सकाळी सातला मिल, संध्याकाळी नमुने. तुला लांब आणि देखणं काहीतरी हवं होतं, म्हटलं ज्याला जमतं त्याच्याकडून घेऊ. स्टेशनावर प्रवाशांसाठी माहितीची चोपडी फुकट मिळतात, त्यातून त्याने उतरवलं. चोपडं उन्हाळ्याआधीचं निघालं.

काल रविवार होता, जहूरला घेऊन गेलो. हे माझ्या हाताने लिहितोय. चुका मोज.

पहिलं ते सोन्याचं देऊळ. तळ्यात उभं आहे, ऊन आलं की बघवत नाही. किती जुनं म्हणून विचारलं. जहूर म्हणाला, बारा वर्षांचं. जुनं तिथल्याच एका भिक्षूने पेटवून दिलं, हे मागाहून बांधलं. आपल्या दुकानाची फळी याच्यापेक्षा जुनी आहे, तिच्यासमोर कुणी फोटो काढत नाही.

दुसऱ्या ठिकाणी बूट काढून एका लाकडी पडवीत बसवलं. समोर अंगण, अंगणात पांढरी खडी आणि पंधरा दगड. झाड नाही, पाणी नाही. जहूर म्हणाला, कुठेही बसलास तरी चौदाच दिसतात, एक लपतो. मी चार जागा बदलल्या. चौदाच. शेजारी एक गोरा डोळे मिटून बसला होता. डोळेच मिटायचे तर एवढं लांब कशाला यायचं? खडीवर दाताळ्याने रोज रेषा ओढतात. आपल्याकडे हे काम वारा करतो आणि तिकीट लावत नाही.

तिसरं डोंगरावर. लाल लाकडी कमानी, एकीला लागून एक, हजारांनी, त्यांच्या खालून चढत जायचं. मागच्या अंगाला काळी अक्षरं. मला वाटलं दुवा लिहिली असेल. जहूरने वाचून दाखवलं. कुणी तांदूळवाला, कुणी ठेकेदार, ओसाकाचा एक सूतवाला. कमानीचा खर्च दिला त्याचं नाव. देवाच्या दारात पाट्यांचा बाजार. तुझ्या निबंधात हे होतं का?

एक गोष्ट मात्र पाहिली. एका जुन्या देवळात भिंतीवर रेशमी पडदा होता, काळपट पडलेला. लांबून अखंड वाटतो. इथल्या मागावरच्या कापडाचा पन्हा जेमतेम दोन वितीचा, तेव्हा एवढा मोठा पडदा अखंड असणं शक्य नाही. जोड शोधायला मला बराच वेळ लागला. खाली एका कोपऱ्यात रफू होती, आणि ती लपवलेली नव्हती. फाटलं होतं, इथे धरलंय, एवढंच. कुणी केली त्याचं नाव कुठे नव्हतं. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की रखवालदाराने जहूरला विचारलं, याला बरं वाटत नाही का?

आता शहर सुंदर म्हणून वाचलं त्याबद्दल. मिलमध्ये रंगखात्यात एक म्हातारा आहे. ओसाका जळालं त्या दिवशी त्याची आई आणि दोन बहिणी गेल्या. तुझं म्हणणं मी जहूरकडून त्याच्या कानावर घातलं. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "खरं आहे. आमचा मोहल्ला सुंदर नव्हता." मला तोंड कुठे लपवू झालं. तुझं वाक्य होतं, बोलायला मी गेलो.

आणि हव्वाबी. मी जहूरकडून लिहून घेतलं ते खोटं, कबूल. मी माझं काम दुसऱ्याला दिलं. तू तर दुसऱ्याच्या नवऱ्याचं तोंड घेतलंस. तो लॉरीकडे डोळे लावून बसला असेल. ते पत्र तिला पुन्हा वाचून दाखव, शिवीसकट. मग मला लिही.

मुनीर


बर दुबई
२५ नोव्हेंबर १९६७

मुनीर यांस,

शंभरात चाळीस. शुद्धलेखनाच्या सव्वीस चुका. दगडांचं तुम्हाला समजलं नाही हे अपेक्षितच होतं. हजार वर्षांच्या संस्कृतीत जाऊन माणूस शेवटी रफूच पाहून येतो. कापडवाल्याला ताजमहाल दाखवला तरी तो आतल्या चादरीला हात लावून बघेल.

त्या म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटलं. पण एका माणसाच्या दुःखाने इतिहास बदलत नाही.

हव्वाबीच्या बाबतीत तुम्ही मला शिकवू नका. खोर फक्कानची खोली पळून जात नाही. मी जे केलं ते तिच्या भल्यासाठी केलं आणि पुन्हा करेन. खैरुद्दीनचं दुसरं पत्र आलं, तेही तसंच वाचलं.

माझा जबाब नाही असा आहे. मात्र मी तो दिला तर क्लास बंद होईल. तेव्हा एवढं करा. तुम्हीच अब्बांना नकार लिहा. काहीही कारण द्या. धंदा वाढवायचाय, एवढ्यात नको, काहीही. तुमच्या नकाराला कुणी क्लासची किंमत लावणार नाही. जहूरला सांगा, छान लिहील तो.

सुरैय्या


बर दुबई
५ डिसेंबर १९६७

मुनीर यांस,

हे पत्र तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

काल क्लासला सगळ्या होत्या. रोजे सुरू झालेत, म्हणून थोडाच वेळ बसायचं ठरलं होतं. हव्वाबी सगळ्यांत शेवटी आली. पाटी आणली नव्हती. हातात खैरुद्दीनची दोन्ही पत्रं. म्हणाली, "बाई, आज मी वाचते." मी 'वाच' म्हटलं. तिने उभं राहून बोट फिरवत वाचलं. "खो-ली. मि-ळा-ली. आ-हे." लॉरीचा वार वाचला. शिवीसुद्धा वाचली, अक्षर न अक्षर, आणि कुणी हसलं नाही. दुसऱ्या पत्रात त्याने लिहिलं होतं की दोन शुक्रवार तो लॉरीच्या थांब्यावर दिवसभर उभा होता, येत नसलीस तर तसं कुणाकडून लिहून तरी कळव.

वाचून झाल्यावर तिने पत्रं घडी करून ओढणीत ठेवली. मी म्हटलं, "हव्वाबी, तू वाचलंस! एकही चूक नाही!" तोंडून तेच निघालं. ती म्हणाली, "हो. तुम्हीच शिकवलंत." आणि पोरींना घेऊन निघाली. वाटेत तिने सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं.

आज सकाळी क्लासला कुणी आलं नाही. मी फळ्यावर तारीख लिहून बसले होते. जिन्यावर दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, "माझ्या अम्मीचं पत्र वाचलं होतं हिने, गेल्या महिन्यात. कोण जाणे काय होतं त्यात." त्या पत्रात मी काहीही बदललं नव्हतं. मी दार उघडून ते सांगायला गेले, तर दोघी उतरून गेल्या.

तुम्ही लिहिलं होतंत तेव्हा वाचून दाखवलं असतं तर गेलेले दोन शुक्रवार परत आले नसते, पण पुढचा तरी वाचला असता.

सुरैय्या


ओसाका
१६ डिसेंबर १९६७

मामू कमरुद्दीन आणि अम्मी मैमुनाबी यांना मुनीरचा सलाम.

हे पत्र सुरैय्या वाचेल. सुरैय्या, आहे तसं वाच.

मामू, मिलचा रंग पक्का उतरला नाही, माल परत धुवायला लावलाय. मला जानेवारी अखेरपर्यंत राहावं लागेल. ईद कोबेच्या मशिदीत करीन.

निकाहबद्दल. सुरैय्याने मला लिहिलं की तूच नकार दे, म्हणजे माझा क्लास वाचेल. तिच्यासाठी खोटं कारण मी लिहिणार नव्हतो. आता लिहायची गरज नाही, कारण माझाही नकार आहे, आणि कारण खरं आहे. तिने माझी परीक्षा घेतली. मी चाळीस गुणांनी सुटलो असेन, नसेन. पण घरी आल्यावर रोज कुणी गुण देणार असेल तर मी दुकानातच झोपलेला बरा. ती माणसाकडे बघत नाही, त्याला तपासते. अम्मी, रडू नकोस. मुलगी वाईट नाही. माझ्यासाठी नाही.

क्लास मात्र बंद करू नका. हव्वाबी दोन-तीन महिन्यांत नवऱ्याचं पत्र वाचायला शिकली. शिकवणारी लबाड असेल, शिकवणं लबाड नाही.

मुनीर


बर दुबई
२७ डिसेंबर १९६७

मुनीर यांस सलाम.

तुमचं पत्र शनिवारी आलं. दुकानातून अब्बांनी स्वतः आणलं. असरच्या नमाजानंतर अब्बा आणि फुफी समोर बसले आणि मी वाचलं. मी नकार मागितला होता तेही वाचलं. 'तपासते' वाचलं. 'लबाड' वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाचताना मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं करते आहे.

फुफी शांतपणे म्हणाली, "झालं? आता खरं काय लिहिलंय ते वाच."

मी म्हटलं, "फुफी, हेच लिहिलंय."

"माझा मुनीर असं लिहिणार नाही. तुला लग्न नको, म्हणून तू हे रचलंस."

अब्बा म्हणाले, "अगं आपा, स्वतःलाच लबाड म्हणवून कोण घेईल?"

"का नाही घेणार? स्वतःला दोन शिव्या घातल्या की आपल्याला खरं वाटेल, एवढी शिकलेली आहे ती. हव्वाबीला कसं गोड गोड वाचून दाखवलं हिने! भावा, तुझ्या पोरीच्या तोंडून मी आता अजानची वेळसुद्धा ऐकणार नाही."

मी शपथ घेतली. फुफीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठून खिडकीशी गेली आणि समोरच्या बानूला हाक मारली. बानू माझ्या क्लासमधली सगळ्यांत ढ. 'भ' आणि 'म' यांत अजून गोंधळते. फुफीने तिच्या हातात कागद दिला. म्हणाली, "यल्ला, वाच. आणि सुरैय्या, तू बोलू नकोस. ओठसुद्धा हलवू नकोस."

मुनीर, पाऊण तास लागला. माझा नकार मी अक्षर अक्षर ऐकला. 'परीक्षा'पाशी बानू अडली, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी भिंतीकडे पाहत राहिले. शेवटी तिने तो शब्द लावला. 'लबाड' तिला पटकन वाचता आलं. फुफी प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, पण माझ्या वेळी जे शब्द होते तेच पुन्हा आले तसा तिचा चेहरा उतरत गेला. संपल्यावर ती रडली. माझ्याजवळ नाही. बानूच्या खांद्यावर.

अब्बा इतकंच म्हणाले, "मुनीरने खरं लिहिलं. तूही खरं वाचलंस. पण ते कळायला बानू लागली." निकाहचा विषय त्यांनी तिथेच संपवला. क्लासबद्दल काही बोलले नाहीत, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

तुम्हाला दिलेल्या गुणांबद्दल मी माफी मागणार नाही. शुद्धलेखन तुमचं खरोखरच वाईट आहे. पण त्या म्हाताऱ्याला माझं वाक्य ऐकवावं लागलं, ते तुमचं काम नव्हतं. जमलं तर जहूरकडून त्याला सांगा की ते लिहिणाऱ्या मुलीने काहीच पाहिलेलं नव्हतं.

हव्वाबी त्या शुक्रवारच्या लॉरीने गेली. खोर फक्कानला मी पत्र लिहिलं आहे, पाकिटावर खैरुद्दीनचं नाव न घालता हव्वाबीचं घातलं. उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही.

आज सकाळी दार वाजलं. बानू होती, तिच्यामागे बाकीच्या सहा जणी. कुणी सलाम केला, कुणी नाही. सरळ येऊन आपापल्या जागी बसल्या. एकीने पाटी काढली आणि म्हणाली, "बाई, तेवढं पत्र वाचण्यापुरतं लवकर शिकवा. मग आम्ही येणार नाही." मी बरं म्हटलं.

मी फळ्याकडे वळले तर फुफी आत येत होती. गुडघे धरत खाली बसली, सगळ्यांच्या पुढे. मी म्हटलं, "फुफी, तुम्ही?"

"मुनीरचं पुढचं पत्र मी स्वतः वाचणार," ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा नाही म्हणून आलेय. अलिफपासून नको, तुमच्या त्या अ पासून सांग. आणि एकदा सांगितलंस की थांब. बानू सांगेल बरोबर आहे का ते."

मी अ काढला. फुफीने बानूकडे पाहिलं. बानूने मान हलवली, तेव्हा कुठे तिने खडू हातात घेतला.

सुरैय्या